मेंदूची जखम आणि शरीरातला दाह: वाचकांचे प्रश्न

डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णांच्या घरच्यांची बरीच पत्रे या वेळी आली आणि बहुतेकांत एकच शब्द होता: इन्फ्लमेशन, म्हणजे दाह. कुणाला तो रिपोर्टमध्ये दिसला, कुणी तो डॉक्टरांकडून ऐकला, कुणाला तो ‘कमी करण्याच्या’ गोळ्या सुचवल्या गेल्या. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. चालू असलेले औषध मात्र यातले काही वाचून परस्पर थांबवू किंवा सुरू करू नका.

प्रश्न: वडील जिन्यावरून पडले, मेंदूला मार लागला. दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “सूज उतरली आहे, पण दाह अजून चालू राहील.” सूज आणि दाह एकच ना? आणि दाह वाईट असेल तर तो औषधाने थांबवत का नाहीत?

बोलताना आपण दोन्हींना सूजच म्हणतो, त्यामुळे हा गोंधळ होतो. सूज म्हणजे मेंदूत साठलेले जास्तीचे पाणी. कवटी हाडाची असल्याने ती ताणली जात नाही. आत पाणी वाढले की दाब वाढतो आणि रक्तपुरवठा अडतो. हा धोका मुख्यतः पहिल्या आठवड्यातला. आयसीयूमध्ये सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे असते आणि स्कॅनवर तो दिसतोही.

दाह ही शरीराच्या संरक्षण यंत्रणेची हालचाल आहे. ती साध्या सीटी स्कॅनवर दिसत नाही. मार लागला त्या क्षणी काही पेशी फुटतात आणि त्यांच्या आतला माल, म्हणजे एटीपीसारखी रसायने आणि काही प्रथिने, बाहेर सांडतो. एरवी पेशीच्या आत असणाऱ्या या वस्तू बाहेर दिसल्या की मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी काही मिनिटांत जाग्या होतात. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूच्या कायमच्या राखणदार पेशी. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची वेगळी ओळख पटवून दिली. त्या आपले बारीक फाटे जखमेकडे वळवतात आणि इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ असे रासायनिक निरोप सोडतात. त्या हाकेने रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला एरवी घट्ट असणारा पडदा जखमेमुळे आणि या रसायनांमुळे सैल झालेला असतो, म्हणून त्यांना आत शिरता येते.

आल्या पेशी दोन्ही प्रकारचे काम करतात. मेलेल्या पेशींचे तुकडे आणि तुटलेल्या चेतातंतूंची आवरणे त्या उचलून नेतात. हा राडारोडा हलल्याशिवाय नवी जोडणी होत नाही, कारण जुन्या आवरणाचे तुकडे नव्या फुटव्याला अडवतात. पुढे याच पेशी वाढीला मदत करणारे पदार्थही सोडतात. पण सुरुवातीच्या धामधुमीत त्यांनी सोडलेल्या तीव्र रसायनांनी जखमेच्या कडेच्या, अजून वाचू शकणाऱ्या पेशीही मरतात. तेव्हा दाह सरसकट बंद केला तर साफसफाई थांबते आणि मोकाट सोडला तर शेजार जळतो. कोणत्या दिवशी कोणता भाग दाबावा, हे नेमके साधणारे औषध आज कुणाकडे नाही. तुमच्या वडिलांचे डॉक्टर दाह ‘थांबवत’ नाहीत, ते यामुळे. त्यांच्याकडून दुर्लक्ष होते आहे असे समजू नका.

बहुतेकांत ही धामधूम काही आठवड्यांत ओसरते. सगळ्यांत ओसरत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पेट स्कॅनच्या (पेशींची हालचाल दाखवणाऱ्या खास स्कॅनच्या) अभ्यासात दुखापतीनंतर १७ वर्षांपर्यंत मायक्रोग्लिया चेतलेल्या आढळल्या. २०१३ मध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंच्या अभ्यासात, एकदाच मार लागून वर्षाहून अधिक काळ जगलेल्यांपैकी २८ टक्क्यांच्या मेंदूत असा दाह उरलेला होता. त्यातले काही दुखापतीनंतर १८ वर्षांपर्यंत जगले होते. हा उरलेला दाह नुकसान करतो की चालू असलेल्या झिजेला उत्तर म्हणून पेटलेला असतो, यावर संशोधकांत एकमत नाही. गोळ्यांबद्दलच्या प्रश्नाच्या उत्तरात पुढे हाच मुद्दा महत्त्वाचा ठरेल.

प्रश्न: सांधेदुखीत आणि दम्यात दाह कमी करायला स्टेरॉइड देतात. मग मेंदूला मार लागल्यावर का दिले नाही? बर्फाच्या गाद्या घालून शरीर थंड करण्याबद्दलही वाचले होते.

एके काळी देत असत. मग दहा हजारांहून अधिक रुग्णांवर ‘क्रॅश’ नावाची मोठी चाचणी झाली आणि २००४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. अर्ध्या रुग्णांना पहिले ४८ तास मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिले, उरलेल्यांना औषध नसलेले द्रावण. दोन आठवड्यांत स्टेरॉइडच्या गटात २१.१ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात १७.९ टक्के. सहा महिन्यांनीही फरक त्याच दिशेने राहिला. त्यानंतर डोक्याच्या मारासाठी मोठ्या डोसचे स्टेरॉइड देऊ नये, असे मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले गेले. मेंदूच्या गाठीभोवतीच्या पाणथळ सुजेवर स्टेरॉइड गटातलेच औषध उत्तम काम करते. तिथले कारण वेगळे, म्हणून ते उदाहरण इथे लावता येत नाही.

एक अपवाद मात्र घरच्यांनी स्वतःहून सांगायलाच हवा. रुग्ण आधीपासून कोणत्याही आजारासाठी रोज स्टेरॉइड घेत असेल, तर ते अचानक बंद झाल्याने रक्तदाब कोसळू शकतो. आधीची औषधांची चिठ्ठी पहिल्याच दिवशी आयसीयूत द्या.

थंड करण्याचे म्हणाल, तर ताप आल्यावर तो उतरवणे आणि शरीर मुद्दाम नेहमीच्या तापमानाखाली नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली करावी. दुसरीचा २०१५ आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. पहिल्या चाचणीत तर थंड केलेल्यांची अवस्था अधिक वाईट निघाली. घरी बर्फात गुंडाळण्याचा प्रयोग अजिबात करू नका. थरथर सुटली की शरीराची ऊर्जेची गरज उलट वाढते.

प्रश्न: भावाच्या अपघाताला चार महिने झाले. आधाराने चालू लागला होता, वाक्ये बोलत होता. गेल्या आठवड्यात चार दिवसांत सगळे मागे गेले: उजवा हात पुन्हा लुळा, दिवसभर झोप, शब्द सापडेनात. पुन्हा रक्तस्राव झाला या भीतीने स्कॅन केला, तो होता तसाच. शेवटी निघाले काय, तर लघवीचा जंतुसंसर्ग. ताप जेमतेम होता. मूत्राशयातल्या जंतूंमुळे हात कसा लुळा पडेल?

हा प्रश्न मुळाशी जाणारा आहे. जंतू मूत्राशयातच राहतात, निरोप मात्र मेंदूपर्यंत जातो आणि तो जायला तीन वाटा आहेत. एक, रक्तातून: संसर्गाच्या जागी तयार झालेले इंटरल्यूकिन मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चेतवतात आणि ते अस्तर मेंदूच्या बाजूला प्रोस्टाग्लँडिन सोडते. ताप याच वाटेने येतो. दुसरी, व्हेगस नावाची लांब नस, जी पोटातली आणि छातीतली खबर थेट मेंदूच्या देठाकडे पोचवते. तिसरी, मेंदूतल्या ज्या मोजक्या जागी रक्ताचा पडदा मुळातच विरळ असतो त्या जागा.

धडधाकट माणसालाही ताप आला की सुस्ती येते, भूक जाते, लक्ष लागत नाही. मार खाल्लेल्या मेंदूत दोन गोष्टींची भर पडते. जखमेजवळच्या मायक्रोग्लिया आधीच अर्ध्या जाग्या असतात, त्यामुळे छोट्या निरोपालाही त्या मोठे उत्तर देतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे वारंवार दिसले आहे. शिवाय तुमच्या भावाने हात हलवायला जी पर्यायी जोडणी चार महिन्यांत उभी केली, ती काठावर चालते. तिच्यात राखीव ताकद नसते. ताप, कमी झालेले सोडियम, अपुरी झोप किंवा गुंगीचे औषध यांपैकी काहीही झाले की आधी तीच मोडते. म्हणून नवी इजा झालेली नसतानाही जुनीच लक्षणे त्याच बाजूला परत दिसतात. पक्षाघाताच्या रुग्णांतही हे घडते. संसर्ग आटोक्यात आला की कमावलेले बहुतेक परत येते, पण ताप उतरला त्याच दिवशी नव्हे. काही दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडेही. त्या काळात फिजिओथेरपी बंद न करता हलकी ठेवा.

स्कॅन केलात ते योग्यच केलेत. अचानक, काही मिनिटांत किंवा तासांत आलेली कमजोरी, फिट, वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, जागे करूनही न उठणे यांपैकी काहीही झाले की आधी रुग्णालय गाठायचे आणि संसर्ग वगैरे नंतर शोधायचा. डोक्यात शंट (मेंदूतले जास्तीचे पाणी वाहून नेणारी नळी) बसवलेला असेल किंवा कवटीचे हाड काढलेले असेल, तर हा नियम आणखी कडक. हाड काढलेली जागा फुगलेली किंवा नेहमीपेक्षा खोल गेलेली दिसली तरी त्याच दिवशी दाखवा.

पण घसरण दोन-चार दिवसांत हळूहळू झाली असेल, तर डोक्यापासून पायापर्यंत एक फेरी मारा. तापमान सहा-सहा तासांनी मोजा, अंदाजाने हात लावून नको. श्वास मिनिटाला किती होतात ते पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. विश्रांतीत २० च्या वर जात असतील तर छातीकडे लक्ष हवे. तोंडात दुखरा दात, हिरडीवर गळू, जिभेवर पांढरा थर आहे का ते टॉर्चने पाहा. पोट फुगलेले, घट्ट आहे का? शेवटचे शौच कधी झाले? लघवी थेंब थेंब होत असेल तर मूत्राशय तुंबलेले असू शकते. माकडहाड, टाचा, घोटे, कोपर, कानांच्या मागे लालसरपणा शोधा. दोन्ही पोटऱ्यांचा घेर गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर टेपने मोजा. ३ सेंमीहून अधिक फरक असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा संशय धरायचा. तो पाय चोळायचा नाही, त्याच दिवशी डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) तपासणी करून घ्यायची. खुब्याचा किंवा कोपराचा सांधा गरम, सुजलेला आणि दिवसेंदिवस कडक होत असेल तर आणखी एक शक्यता असते: सांध्याभोवतीच्या मऊ भागात हाड तयार होणे. गंभीर दुखापतीनंतर काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत हे सुरू होऊ शकते. सुरुवातीचा एक्स-रे साफ येतो, त्यामुळे ते हमखास सुटते. अशा वेळी जोर लावून सांधा ताणू नका. शेवटी गेल्या दोन आठवड्यांत बदललेली औषधे लिहून काढा.

आणि एक सावधगिरी. लघवीची नळी असलेल्या माणसाच्या लघवीत काही आठवड्यांनी जंतू सापडतातच. ताप नाही, थरथर नाही, वागण्यात बदल नाही, फक्त कल्चर रिपोर्टमध्ये जंतू आहेत, तर बहुधा प्रतिजैविकाची गरज नसते. दर वेळी ते दिले तर खऱ्या गरजेच्या दिवशी न जुमानणारे जंतू तयार होतात.

प्रश्न: आई अंथरुणाला खिळलेली आहे, नाकातून नळीने आहार चालू आहे. दाह कमी ठेवायला आम्ही घरच्या घरी नेमके काय करावे?

औषधाच्या दुकानातली कोणतीही वस्तू जे करू शकत नाही ते इथे तुमच्या हातात आहे. गंभीर दुखापतीनंतर शरीराची प्रतिकारशक्ती काही काळ खाली येते. मेंदूकडून सुटलेला ताणाच्या संप्रेरकांचा लोंढा पांढऱ्या पेशींना दाबून टाकतो. म्हणून संसर्ग लवकर होतात, प्रत्येक संसर्ग दाह वाढवतो आणि दाह सुधारणा मागे खेचतो. यात सर्वांत महाग पडतो तो न्यूमोनिया. रुग्णालयात न्यूमोनिया झालेल्या गंभीर रुग्णांची स्थिती पाच वर्षांनंतरही तुलनेने वाईट राहते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात दिसले.

त्यामुळे सुरुवात तोंडापासून करा. आई तोंडाने काही खात नसली तरी दात, हिरड्या, जीभ आणि गालांची आतली बाजू दिवसातून किमान दोनदा मऊ ब्रशने साफ करायची. नळीने खाणाऱ्यांचे तोंड कोरडे पडते, त्यात जंतू वाढतात आणि तीच लाळ झोपेत फुप्फुसात उतरते. न्यूमोनियाचे कारण अनेकदा एवढेच असते. ब्रश करताना मान वर करून सपाट झोपवू नका. डोके वर आणि तोंड एका कुशीला ठेवा, पाणी मोजकेच वापरा, शक्य असल्यास सक्शन (लाळ ओढून काढणारे यंत्र) जवळ ठेवा.

आहार देताना पाठ ३० ते ४५ अंश वर हवी, आणि आहार संपल्यावर निदान अर्धा ते एक तास तशीच ठेवायची. अंश डोळ्याने चुकतात. मोबाइलमधले कोन मोजायचे ॲप पलंगाच्या पाठीला लावून एकदा खूण करून ठेवा. प्रत्येक वेळी आहार देण्यापूर्वी नळीवरची खूण नाकपुडीशी पूर्वीच्याच जागी आहे का ते बघा. खूण सरकलेली दिसली तर काहीही न देता आधी नर्सला किंवा डॉक्टरांना विचारा. तोंडाने खाणे सुरू करायचा निर्णय गिळण्याची तपासणी झाल्यावरच घ्या. खोकला आला नाही म्हणजे अन्न नीट उतरले असे होत नाही. घशाची जाणीव कमी झालेल्यांच्या श्वासनळीत अन्न गुपचूप जाते.

दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. पूर्ण आडवे न वळवता पाठीमागे उशी देऊन ३० अंशांचा कल ठेवला की कमरेच्या हाडावर थेट भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा गादीपासून अधांतरी ठेवा. लाल डाग दिसला की बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर ती शय्याव्रणाची पहिली पायरी, त्या जागेवर पुन्हा वजन पडू द्यायचे नाही आणि ती चोळायचीही नाही. सावळ्या त्वचेवर लाली कळत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा काळपट झालेली जागा हाताने शोधा.

प्रथिने कमी पडणे ही घरोघरी होणारी चूक आहे. दाह चालू असताना शरीर स्वतःचे स्नायू मोडून प्रथिने वापरते. गंभीर दुखापतीच्या पहिल्या टप्प्यात दर किलो वजनामागे रोज १.५ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ९० ते १२० ग्रॅम. नळीतून पातळ पेज आणि फळांचा रस देऊन हे गाठता येत नाही. पुढच्या काळात किती द्यायची ते आहारतज्ज्ञाकडून वजन आणि मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघून ठरवून घ्या. दर आठवड्याला वजन किंवा निदान दंडाचा घेर नोंदवा.

लघवीची नळी असेल तर दर भेटीत विचारा, “ही अजून लागते का?” जितके दिवस नळी, तितका संसर्गाचा धोका. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकता लटकवा, दोन तृतीयांश भरण्याआधी रिकामी करा आणि नळीचा सांधा विनाकारण उघडू नका. नळी काढल्यावर पहिले दोन दिवस लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीने मोजून घेतलेले बरे.

प्रश्न: मुलाला दिवसातून तीन-चार वेळा ताप चढतो, घामाने अंथरूण भिजते, नाडी १४० होते, हातपाय ताठ होतात. तासाभरात सगळे शांत. रक्त, लघवी, छाती सगळे रिपोर्ट साफ. तीन प्रतिजैविके झाली.

तुम्ही केलेले वर्णन संसर्गाच्या तापासारखे वाटत नाही. नाडी, रक्तदाब, श्वास, तापमान, घाम आणि ताठरपणा हे सगळे एकदम चढणे आणि एकदम उतरणे यावरून सिम्पथेटिक, म्हणजे शरीराला संकटासाठी सज्ज करणाऱ्या, चेतासंस्थेचे झटके आहेत का, हे तपासायला हवे. मेंदूचा लगाम सुटल्यामुळे शरीर साध्या स्पर्शालाही संकटासारखे उत्तर देते. प्रतिजैविकाने हे थांबत नाही.

तुमची नोंद इथे रिपोर्टपेक्षा मोलाची आहे. प्रत्येक झटक्याची वेळ, आधीच्या दहा मिनिटांत काय झाले, नाडी, तापमान आणि किती वेळाने शांत झाले, एवढे लिहा. दोन-तीन दिवसांत आकृती दिसू लागते: सक्शन केले की, कूस वळवली की, मूत्राशय भरले की, शौच अडकले की. जे टाळता येते ते टाळा, जे टाळता येत नाही त्याच्या आधी द्यायचे औषध डॉक्टर ठरवतील. झटका आल्यावर पांघरूण काढा, आवाज आणि उजेड कमी करा, लघवीची नळी मुडपली आहे का पाहा, जखडून धरू नका. व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, कारण त्यांच्या फेरीच्या वेळी झटका येईलच असे नाही.

निदान पक्के करण्याआधी शिरेतली गुठळी आणि औषधांमुळे येणारा ताप या दोन गोष्टी वगळल्या आहेत ना, ते विचारा. फिटच्या काही औषधांनी ताप येतो. शांत ठेवण्यासाठी दिलेल्या काही मानसोपचाराच्या औषधांनी क्वचित ताप आणि ताठरपणा एकत्र येतो. तो आणीबाणीचा प्रसंग आहे. मात्र त्यात शरीर असे तासाभरात मोकळे होत नाही.

प्रश्न: मिनोसायक्लीन नावाची गोळी मेंदूचा दाह कमी करते असे समजले. कर्क्युमिन, ओमेगा-३ च्या गोळ्या आणि मानेत दिले जाणारे टीएनएफविरोधी इंजेक्शन यांबद्दलही सांगा.

मिनोसायक्लीन या प्रतिजैविकाची गोष्ट डोळे उघडणारी आहे. जुनी दुखापत झालेल्या १५ जणांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक बारकाईचा अभ्यास आहे. १२ आठवडे गोळी घेणाऱ्यांच्या पेट स्कॅनवर मायक्रोग्लियाची धग खरेच कमी झाली. त्याच वेळी रक्तात चेतातंतूंची झीज दाखवणारे न्यूरोफिलामेंट वाढले. दाह उतरला आणि झीज वाढली. रुग्ण थोडे होते, पण ‘उरलेला दाह काहीतरी सांभाळतही असावा’ या शंकेला त्यातून बळ मिळाले. म्हणून ही गोळी स्वतःहून घेऊ नका.

कर्क्युमिन (हळदीतला घटक) आणि ओमेगा-३ (माशांच्या तेलातला स्निग्ध पदार्थ) यांचे निष्कर्ष बहुतांशी उंदीर-घुशींवरचे आहेत. माणसांत मेंदूच्या दुखापतीनंतरची सुधारणा वाढते हे सिद्ध झालेले नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर कर्क्युमिनच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आणि ओमेगा-३ च्या मोठ्या डोसने हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण वाढलेले दिसले आहे. जेवणातून मिळते ते वेगळे, त्याला हरकत नाही.

टीएनएफविरोधी इंजेक्शनबद्दल स्पष्टच सांगतो: मेंदूच्या दुखापतीसाठी हा मान्य उपचार नाही. इंजेक्शननंतर लगेच हात हलल्याचे व्हिडिओ पाहून घरदार गहाण टाकावेसे वाटते, ते समजते. पण आशेने, उत्तेजनेने आणि नव्या प्रयत्नाने दिसणारा फरक वेगळा काढायला औषध नसलेल्या इंजेक्शनशी तुलना लागते. ती दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. हे औषध संसर्गाशी लढण्याची ताकद कमी करते आणि दडलेला क्षयरोग जागा करू शकते, हे मात्र पक्के ठाऊक आहे. इंटरल्यूकिन-१ अडवणाऱ्या ॲनाकिन्रा या औषधावर गंभीर रुग्णांत काम सुरू आहे. २० रुग्णांच्या प्राथमिक चाचणीत ते सुरक्षित वाटले, उपयोग ठरायचा आहे.

प्रश्न: मुलीला खेळताना डोक्याला मार लागला. स्कॅन साफ आहे, ‘कन्कशन’ म्हणाले. तिला अंधाऱ्या खोलीत किती दिवस ठेवू? दाह कमी व्हायला आयब्युप्रोफेन द्यावे का?

कन्कशन म्हणजे माराने मेंदूच्या कामात आलेला तात्पुरता बिघाड. अंधारी खोली नको. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती: घरातली हालचाल, हलके चालणे चालेल, मोबाइल आणि संगणक शक्य तितके कमी. त्यानंतरही पडून राहिल्याने बरे व्हायला उलट उशीर लागतो. तिसऱ्या दिवसापासून चालणे किंवा जागच्या जागी सायकल सुरू करा. आधी नाडी कमाल वेगाच्या ५५ टक्क्यांपर्यंत, जमले तर ७० टक्क्यांपर्यंत. कमाल वेग ढोबळमानाने २२० वजा वय. १६ वर्षांच्या मुलीसाठी तो २०४, म्हणजे पहिली मर्यादा सुमारे ११२, दुसरी सुमारे १४३. व्यायामाआधी तिला त्रासाला १० पैकी गुण द्यायला सांगा. व्यायामाने गुण दोनपर्यंत वाढले आणि तासाभरात खाली आले तर ठीक. त्याहून वाढले तर त्या दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशी कमी वेगाने पुन्हा करा. चेंडू, धक्का, उंची, पडण्याची शक्यता असलेले काहीही डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाही. बरे होण्याआधी बसलेला दुसरा मार पहिल्यापेक्षा वाईट ठरू शकतो.

दुखण्यासाठी पहिली पसंती पॅरासिटामॉलला, वजनानुसार डोस विचारून. आयब्युप्रोफेन गटातली औषधे रक्तातल्या गुठळी बांधणाऱ्या कणांचे काम मंदावतात, म्हणून पहिले दोन दिवस टाळलेली बरी. नंतर कधीमधी चालतील, पण ‘दाह उतरावा’ म्हणून रोज देऊ नका, त्याने कन्कशन लवकर बरे होते असे दिसलेले नाही. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते.

प्रश्न: दर महिन्याला सीआरपी तपासून मेंदू किती बरा झाला ते कळेल का?

नाही. सीआरपी (रक्तातले एक प्रथिन) यकृतात तयार होते आणि कुठेतरी दाह आहे एवढेच सांगते. दातात, फुप्फुसात की मेंदूत, ते सांगत नाही. मेंदूत रेंगाळलेला दाह असूनही ती अगदी नॉर्मल असू शकते. तिचा खरा उपयोग घसरणीच्या दिवसांत: संसर्ग सुरू झाल्यावर काही तासांत ती चढू लागते, साधारण दोन दिवसांत शिखर गाठते, उपचार लागू पडला की अर्धी व्हायला सुमारे १९ तास पुरतात. एका आकड्यापेक्षा लागोपाठचे दोन-तीन आकडे बघा. आणि एकक वाचा, काही प्रयोगशाळा लिटरमागे आणि काही डेसीलिटरमागे मिलिग्रॅम लिहितात. त्यात दहापटीचा फरक असतो.

प्रश्न: नवरा चालतो-बोलतो, कामावरही गेला, पण दीड वर्ष झाले तरी दुपारपर्यंत गळून जातो, उदास राहतो. हा दाहच का?

दाहाचा वाटा असू शकतो, पण त्यावर बोट ठेवून थांबलात तर उपचार होण्यासारखी कारणे हातची जातील. तीन कारणे आधी तपासा. झोपेत घोरणे आणि श्वास थांबणे: मेंदूच्या दुखापतीनंतर हे बरेचदा आढळते. रात्री वारंवार ऑक्सिजन घसरला की दाहही वाढतो आणि थकवाही. झोपेची तपासणी करून झोपेत हवेचा दाब देणारे मशीन लावले तर काही आठवड्यांत फरक दिसू शकतो. दुसरे, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी: मध्यम ते गंभीर दुखापतीनंतर तिचे एखादे संप्रेरक कमी पडणे दुर्मीळ नाही. यासाठी सकाळी ८ ते ९ च्या दरम्यानचे कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक), पुरुष संप्रेरक, सोडियम आणि थायरॉइडमध्ये टीएसएच (थायरॉइडला चालवणारे पिट्यूटरीचे संप्रेरक) याबरोबर फ्री टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) हवेच. बिघाड पिट्यूटरीत असेल तेव्हा टीएसएच एकटे नॉर्मल दिसते आणि ‘थायरॉइड ठीक आहे’ म्हणून फाइल बंद होते. कॉर्टिसॉल कमी निघाले तर आधी ते भरून काढतात आणि मगच थायरॉइडची गोळी सुरू करतात. उलट क्रमाने दिल्यास जिवावर बेतू शकते.

तिसरे नैराश्य. दुखापतीनंतरच्या पहिल्या वर्षात ते सुमारे निम्म्या रुग्णांना गाठते आणि त्यावर औषध व समुपदेशन दोन्ही लागू पडतात. ‘एवढे झाल्यावर उदास वाटणारच’ असे म्हणून ते राहून जाते. जगणे नकोसे झाल्याचे तो बोलला असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता आजच डॉक्टरांशी बोला, आणि तोवर त्याला एकटे ठेवू नका.